‘बोलण्याचं टॉनिक’ लिहून न दिल्याबद्दल: क्लिनिकचं उत्तर

नमस्कार. तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, की दोन वर्षांचा मुलगा बोलत नाही म्हणून आणला, डॉक्टर त्याच्याशी खेळत बसले, औषध एकही दिलं नाही आणि वर कानाची तपासणी लिहून दिली. ‘मुलाला सगळं ऐकू येतं, हा पैसे काढायचा धंदा आहे.’ तुमच्या मुलाच्या तपासणीत काय दिसलं ते इथे चारचौघांत लिहिणार नाही. पण औषध का नाही आणि कान का, हे सगळ्याच पालकांसाठी सांगतो.

ते खेळणं हीच तपासणी होती. पाठीमागून नाव घेतलं तर मूल वळतं का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतं की आपला हात धरून तिकडे ओढतं, हाताने खूण न करता नुसतं ‘बॉल दे’ म्हटलं तर कळतं का, हे स्टेथोस्कोप लावून समजत नाही. दोन वर्षांचं मूल साधारण ‘पाणी दे’, ‘बाबा आला’ असे दोन शब्द जोडतं. जोडत नसेल तर ‘मुलगे उशिराच बोलतात, याचा बापही असाच होता’ म्हणून वाट बघायला मी सांगत नाही. काही मुलं आपली आपण बोलू लागतात, खरंय. ती कोणती, हे नुसतं बघून सांगता येत नाही.

आता कान. दार आपटलं की दचकतो म्हणजे ऐकू येतं, हे मला जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकायला मिळतं. मोठे आवाज ऐकू येऊनही ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज निसटू शकतात. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठलं तरी ऐकणं मंदावतं. म्हणून ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्या. बेरा मूल झोपलेलं असताना करतात. हे मशीन आमच्याकडे नाही आणि कुठल्या सेंटरचा ‘कट’ही आम्ही घेत नाही. खर्च नको असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) विचारा, तिथली सेवा मोफत असते. मुंबईत वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

बोलायला लावणारं टॉनिक नसतं, वेखंड चाटवूनही उपयोग नाही. जेवताना मोबाइल मात्र आजपासून बंद करा.

रिपोर्ट दाखवायला याल तेव्हा पुन्हा फी नाही. काउंटरवर दिलेला 20 हो-नाही प्रश्नांचा कागद (एम-चॅट, ऑटिझमची शक्यता चाळून बघणारी प्रश्नावली) सोबत आणा. दिवसभर मूल ज्यांच्याजवळ असतं, त्यांना विचारून भरा.