मागचे सील

आमचा ट्रॅक्टर १९८४ सालचा असल्यामुळे त्याने थोडेफार तेल गाळावे, हे आम्ही वयोमानाचा भाग म्हणून आजवर चालवून घेतले होते. परंतु यंदा दोन महिने गोठ्यात उभा राहून तो बाहेर निघाला, तेव्हा क्लचच्या घराखालच्या बारीक छिद्रातून काळ्या तेलाची धारच लागली. मिस्त्रींनी खाली वाकून तेलाला बोट लावले, त्याचा वास घेतला, गिअरच्या तेलाचा उग्र दर्प नसल्याची खात्री केली आणि नाडी पाहिलेल्या वैद्याच्या गांभीर्याने म्हणाले, "गुरुजी, क्रँकचं मागचं सील गेलं. ट्रॅक्टर मधून फोडावा लागंल."

'फोडणे' हे क्रियापद मी तोवर फक्त नारळासाठी वापरत होतो. सील म्हणजे क्रँकभोवती, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवती, बसून तेल अडवणारे २८० रुपयांचे, तळहातावर मावणारे रबरी कडे. पण ते बसते फ्लायव्हील नावाच्या जड चाकाच्या आड, फ्लायव्हीलवर क्लच आणि क्लचला लागून गिअरबॉक्स, त्यामुळे तिथवर पोचायचे तर बॉनेट, डिझेलची टाकी, वायरी, स्टेअरिंगची जोडणी असे सगळे सोडवून ट्रॅक्टरचे दोन तुकडे करावे लागतात. करगोटा बदलायचा म्हणून माणूस कमरेत कापावा, तसा हा प्रकार होता. पुढचा अॅक्सल मधल्या खिळीवर डुलतो, म्हणून सुटलेले इंजिन कुशीवर कलंडू नये यासाठी दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्या, मागच्या धडाखाली बाभळीचे ओंडके लावले आणि चौघांनी पुढची चाके ढकलली. मधल्या फटीतून पलीकडचा उकिरडा दिसू लागला, तेव्हा खाटेवरून अप्पा म्हणाले, "बैल कधी मधून फोडावा लागला नाही."

जुन्या सीलने क्रँकवर नखाला लागेल एवढी चरी पाडली होती. नवे सील त्याच जागी बसले असते तर त्याचा ओठ नेमका त्या चरीत पडला असता, म्हणून मिस्त्रींनी ते मिलिमीटरभर अलीकडे धरले, बारीक स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे केली, ओठाला तेल लावले आणि लाकडी ठोकळ्यावर सर्व बाजूंनी हलके ठोके देत ते आत सरकवले. बॅटरी धरण्याचे काम माझ्याकडे होते. ऐन वेळी मला शिंक आली, सील तिरके गेले, त्याची कड चेपली आणि मी दुसरे २८० रुपये घेऊन तालुक्याला निघालो. दोन्ही तुकडे सांधताना गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते क्लच प्लेटमध्ये शिरेनात, त्यात दुसरा दिवस गेला. शेतातला वाफसा त्याच्या आधीच गेला होता.

आठव्या दिवशी पुन्हा थेंब पडला.

मिस्त्री आले. कोणाशीही न बोलता त्यांनी इंजिनाच्या ब्रीदरची नळी काढून तिच्यात तार घातली, तेव्हा आतून कुंभारमाशीचे अख्खे मातीचे घर बाहेर पडले, त्यात तिने पिल्लांसाठी साठवलेल्या कोळ्यांसकट. इंजिनातला वायू ज्या वाटेने बाहेर पडायचा तीच लिंपली गेली होती आणि आत कोंडलेला दाब तेलाला सीलच्या ओठांमधून बाहेर रेटत होता. नळी मोकळी होताच गळती थांबली.

"म्हणजे जुनं सील चांगलं होतं?" मी विचारले.

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "तसं नाय म्हणता यायचं, गुरुजी. कधीतरी गेलंच असतं."

जुने सील अप्पांनी गोठ्यातल्या खुंटीला अडकवले आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवतात आणि मग माझ्याकडे बोट करतात.