८६,४०० ने गुणून तारीख पुढे सरकत नाही

प्रोग्रामरांमध्ये एक सल्ला बराच फिरतोय: तारखांसाठी लायब्ररी (तयार कोड) कशाला? दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद, महिना म्हणजे ३० दिवस. गुणा, मिळवा आणि सगळं यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) ठेवा. भारतात घड्याळ मागेपुढे होतच नाही!

‘महिना म्हणजे ३० दिवस.’ समजा, दर महिन्याच्या हप्त्याची तारीख काढायची आहे. ३१ जानेवारी २०२३ मध्ये ३० दिवस मिळवले की थेट २ मार्च येतो. फेब्रुवारीचा हप्ता गायब. लायब्ररी घेतली तरी डोळे झाकून चालत नाही. जावास्क्रिप्टमध्ये त्याच तारखेचा नुसता महिना बदलून फेब्रुवारी केला तर ३ मार्च मिळतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल हे डेटाबेस आणि जावा भाषेतला ‘लोकलडेट’ हा तारखेचा प्रकार २८ फेब्रुवारीवर थांबतात. ओरॅकल डेटाबेसचं ‘ॲड मन्थ्स’ तर महिनाअखेर धरून चालतं: २८ फेब्रुवारी २०२३ अधिक एक महिना म्हणजे ३१ मार्च. खरी गंमत पुढे आहे. पोस्टग्रेसमध्ये आलेल्या उत्तरातच पुन्हा महिना मिळवत गेलात, तर २८ मार्च, २८ एप्रिल असं २८ वरच अडकता. म्हणून मूळ तारीख जपा आणि दर वेळी तिच्यातच १, २, ३ महिने मिळवा. मार्चचा हप्ता ३१ लाच पडेल.

‘दिवस म्हणजे ८६,४०० सेकंद.’ न्यूयॉर्कमध्ये १० मार्च २०२४ ला उन्हाळी वेळेसाठी घड्याळं एक तास पुढे केली, म्हणून तो दिवस २३ तासांचा होता. ९ मार्चच्या सकाळी ९ मध्ये ८६,४०० सेकंद मिळवले की दुसऱ्या दिवशीचे १० वाजतात. पोस्टग्रेसमध्ये सेशनचा (चालू जोडणीचा) टाइमझोन न्यूयॉर्क असेल, तर टाइमझोनसह साठवलेल्या वेळेत ‘१ दिवस’ मिळवल्यावर ९ आणि ‘२४ तास’ मिळवल्यावर १० येतात. पायथॉन मात्र फसवतो: झोनइन्फो (टाइमझोनचे नियम देणारं मॉड्यूल) लावलेल्या वेळेत २४ तासांचा टाइमडेल्टा (कालावधी) मिळवला तरी ९ च दाखवतो. खरे २४ तास हवे असतील तर आधी यूटीसीत न्या, मिळवा, मग परत आणा.

‘भारतात प्रश्नच नाही.’ आज नाही, खरं. पण पुण्यात लिहिलेला कोड न्यू जर्सीच्या ग्राहकासाठी चालतो, तेव्हा नियम तिथले लागतात.

‘यूटीसीत ठेवलं की झालं.’ घडून गेलेल्या गोष्टींसाठी, हो. पुढच्या भेटींसाठी नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने बहुतेक भागांत उन्हाळी वेळ बंद केली. मेक्सिको सिटीतली जून २०२३ ची १० ची बैठक आधीच यूटीसीत बदलून ठेवली असेल, तर ती ९ ला सरकली. अशा ठिकाणी स्थानिक वेळ आणि झोनचं नाव ठेवा, नुसतं ‘उणे ५ तास’ नको. टीझेडडेटाही (देशोदेशींच्या टाइमझोन नियमांचा संग्रह) अद्ययावत ठेवा.

लॉगिन टोकनची मुदत किंवा कॅशे (तात्पुरता साठा) यांना कॅलेंडरशी देणंघेणं नसतं. तिथे ८६,४०० खुशाल वापरा.