दामले कशाला दाखवायचे?

आज डोकं फिरलंय, तेव्हा भाषा जरा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

ओळखीतल्या एका पोराने पटकथेचा खर्डा वाचायला पाठवला. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकावरून. त्यात नाटकमंडळी एका हॉलमध्ये गंमत म्हणून खोटा खटला चालवतात आणि तो त्यांच्यातल्याच बेणारेबाईंवर खराच उलटतो; ज्याच्यामुळे ती अडचणीत येते तो प्रोफेसर दामले मात्र तिथे नसतोच. हक्कांचं नंतर बघू, सध्या सराव म्हणून लिहितोय, म्हणाला. पोरगा हुशार आहे, लिहितोही बरा. पहिलं पान उघडलं. रात्र. पाऊस. प्रोफेसर दामल्यांची खोली. बेणारे दारात भिजत उभी. दामले चष्मा काढून टेबलावर ठेवतात...

तिथेच थांबले आणि फोन लावला. “अरे, दामले कशाला आणलेस?” तर म्हणतो, “ताई, नाटक ओपन अप करायला, म्हणजे बाहेर मोकळ्यावर न्यायला नको का? सगळं एका हॉलमध्येच घडतंय.”

एका हॉलमध्ये घडतंय म्हणून तर त्या बाईचा जीव गुदमरतो, बाबा! तेंडुलकरांनी सुरुवातीलाच दाराच्या कडीचं त्रांगडं दाखवून ठेवलंय ते काय उगीच? पुढे बेणारे पळू बघते तेव्हा तेच दार उघडत नाही. आता तू तिला आधीच पावसात मोकळी फिरवून आणलीस, तर त्या दाराची भीती कुणाला वाटणार?

आम्ही हौशी मंडळी हे नाटक करायचो तेव्हा मी प्रॉम्प्टर होते. विंगेत स्टूल, हातात वही आणि मिणमिणती बॅटरी. एका प्रयोगानंतर मेकअप रूममध्ये प्रेक्षकांतल्या काही बायका भेटायला आल्या आणि चक्क दामल्यांवरून त्यांची जुंपली. एक म्हणे, उंच, गोरा, गोड बोलणारा असणार. दुसरी म्हणाली, छे, बुटका आणि घामट, असले असेच असतात. आणि आमची बेणारे, तोंडावरचा रंग पुसता पुसता, “माझा दामले फार देखणा आहे हो,” एवढंच म्हणाली. सगळ्या गप्प. जो माणूस स्टेजवर एकदाही येत नाही, त्याचा चेहरा प्रत्येकीला पाठ होता! आता तिथे एक नट उभा करा. सगळ्यांचे दामले एका फटक्यात मेले.

तुम्ही सगळे जाणकार आहात, तुम्हाला हे सांगायची गरज नाही. पण हल्ली हे ‘ओपन अप’ खूळ फार बोकाळलंय. पात्र आठवण सांगायला लागलं की लगेच फ्लॅशबॅक. भांडण झालं की पळा गच्चीवर. अरे, ऐकणाऱ्याच्या तोंडावर कॅमेरा ठेवा ना! नाटकाच्या प्रेक्षकाला ते मिळत नाही. विंगेतून मला मिळायचं. बेणारेच्या शेवटच्या स्वगतात बाकीचे सगळे थिजून उभे असतात. न्यायाधीश झालेल्या आमच्या काशीकरांच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळत यायचा आणि बिचाऱ्यांना पुसता यायचा नाही. पहिल्या रांगेलासुद्धा तो दिसत नसे. क्लोजअप त्याचा घ्या की!

आणि ते स्वगत तरी कसं? निकालाआधी कोर्ट तिला बोलायला दहा सेकंद देतं, आणि त्या दहा सेकंदांत बाईचं आख्खं आयुष्य बाहेर येतं. रंगभूमीवर दिवे बदलले की प्रेक्षक हे विनातक्रार मानतो. पडद्यावर हा काळ कसा ताणायचा, हा खरा पटकथेचा प्रश्न. त्याला आमच्या लेखकाने दिलेली जागा किती? अर्धं पान. दामल्यांच्या पावसाला चार.

बरं, सिनेमावाल्यांना हे जमत नाही असंही नाही. इलिया कझानने ‘अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर’ 1951 मध्ये पडद्यावर आणलं तेव्हा नायिका ब्लांशला मोकळ्यावर नेण्याऐवजी कथा पुढे सरकेल तसा घराचा सेटच लहान करत नेला. भिंती जवळ आणल्या! आपल्याकडे एलकुंचवारांच्या ‘पार्टी’ नाटकावरून गोविंद निहलानींनी 1984 मध्ये सिनेमा केला. रात्रभर सगळे पार्टीला न आलेल्या अमृतबद्दल बोलतात आणि तो दिसतो अगदी शेवटी, क्षणभर. तोवर आपण त्याची वाट बघून बघून हैराण.

हो, माहितीये, आता कुणीतरी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’वरचा ‘मकबूल’ काढणार. मान्य. चेटकिणींचे पत्रिका मांडणारे पोलीस केले आणि ते फर्मास जमलं. कुरोसावाने तर त्याच ‘मॅकबेथ’वरच्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये शेक्सपिअरची एक ओळ ठेवली नाही. पण त्यांनी सगळंच मोडून नव्याने बांधलं. आपण काय करतो? संवाद जसेच्या तसे ठेवतो आणि मागे डोंगर दाखवतो.

‘नटसम्राट’च्या सिनेमाबद्दलचा वाद इथे नको. फक्त एवढं कबूल करते, की विक्रम गोखल्यांचा रामभाऊ, म्हणजे बेलवलकरांचा मित्र, ही भर चांगली होती. बेलवलकरांना त्यांच्या तोलाचा ऐकणारा मिळाला. बघा, पुन्हा ऐकणाराच! आणि ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमामुळे पोरं नाट्यसंगीत गुणगुणायला लागली, तेही खरं. पुढे चला.

‘शांतता’वर सिनेमा झालेलाच आहे म्हणा. 1971 साली, सत्यदेव दुबेंनी केला, पटकथा खुद्द तेंडुलकरांची आणि बेणारे रंगभूमीवरच्याच सुलभाताई देशपांडे. पुन्हा कुणी करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. उलट करावा. आजच्या पोराला बेणारे भेटावीशी वाटली, रात्र रात्र जागून त्याने ती लिहिली, याचं मला खरंच बरं वाटलं. फोनवर जरा जास्तच तडतडले, पण तो रागावला नाही. म्हणाला, “ताई, पण निर्माता विचारेल, एवढ्याशा हॉलमध्ये पैसे दिसणार कुठे?”

हे ऐकलं आणि पुन्हा पारा चढला! पैसे दिसायला सिनेमा काढताय का? एक जुना हॉल घ्या. कडी नीट अडकेल असं दार बघा. गप्प बसून ऐकता येतं असे सात-आठ नट शोधा, तेच काम सगळ्यात अवघड आहे. आणि पावसाचे टँकर द्या पाठवून एखाद्या प्रेमकथेच्या सेटवर, तिथे त्यांचं फार अडलेलं असतं.