‘मुळं धरून राहणाऱ्या’ बडोदेकरांसाठी

आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ग्रुपवर तो मेसेज या महिन्यात चौथ्यांदा आला. सांगणं एवढंच: परदेशी कामाला जाणाऱ्यांनी बडोद्यातली मराठी वस्ती ओस पाडली, जातात ते सगळे आपल्या पैशाने शिकलेले, त्यांचा पैसा तिकडेच राहतो. आणि शेवटी, ‘पूर्वी आपली माणसं मुळं धरून राहायची.’

या शेवटच्या वाक्यालाच आधी हात घालतो, कारण ते वाचून हसू आलं. मुळं धरून राहिले असते तर आपले पणजोबा बडोद्याला कशाला आले असते? गायकवाडांच्या चाकरीसाठीच ना? खुद्द तिसरे सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक आले ते नाशिककडच्या कवळाण्याहून. परदेशाची वाटही याच संस्थानाने दाखवली. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये नोकरीसाठी ते इथे परतले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. जागा न मिळाल्यावर ते ज्याखाली बसले होते, ते कमाटी बागेतलं झाड आजही लोक दाखवतात. परत आलेल्याला आपण कसं वागवलं, हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

पैशाचं म्हणाल, तर २०२२ मध्ये परदेशातल्या भारतीयांनी घरी पाठवलेली रक्कम १०० अब्ज डॉलरांच्या पुढे गेली. दुसऱ्या कुठल्याच देशाला एवढी येत नाही. इथल्या मांडवीत ज्या बँकेची सुरुवात झाली त्या बँक ऑफ बडोदाने १९५३ साली पहिल्या परदेशी शाखा मोंबासा आणि कंपालात काढल्या. तिकडे आपली माणसं होती म्हणूनच.

राहिलं ‘सगळे शिकलेले’. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मावशींचा धाकटा दहावी नापास, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, जीआयडीसीत वेल्डर. त्याच्या पासपोर्टवर ईसीआरचा शिक्का, म्हणजे कतारला कामासाठी जायचं तर आधी सरकारी मंजुरी हवी. मंजुरीबरोबर १० लाखांचा अपघात विमाही येतो, दोन वर्षांचा हप्ता अवघा २७५ रुपये. एजंट म्हणाला, ‘कशाला ती भानगड? व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो.’ नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. याने १,१०,००० घेतले, पावती कशाचीच नाही. मावशींच्या पाटल्या गहाण पडल्या. गहाणाचा फॉर्म मीच भरून दिला, तेव्हा त्या मोकळं मनगट पदराखाली धरून बसल्या होत्या. पोरगं तिकडे दोन महिने बिनपगारी, खोलीत पडून होतं. पुढे काम लागलं, पाटल्या दुसऱ्या दिवाळीला सुटल्या. विमा मात्र आजही नाही.

वाडा रिकामा वाटतो, हे कबूल. गणपतीत आरतीला टाळ वाजवायला तीनच हात असतात, त्यातला एक माझा. पण वेल्डरला इथे जेवढा पगार मिळत होता तेवढ्यात तो थांबायला हवा होता, असं त्याच्या आईला तोंडावर कोण सांगणार?

म्हणून मेसेजखाली मी एवढंच लिहिलं: ‘त्या एजंटाची तक्रार करायची आहे. शनिवारी मावशींबरोबर कोण येतंय?’ सगळ्यांनी वाचलं. सकाळी ग्रुपवर गुलाबाचं फूल आलं, सुप्रभात लिहिलेलं.