भोगीची भाजी वर्षभर बरणीत? त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

गड्ड्याची यात्रा आटोपली तरी सोलापुरातल्या ग्रुपांवर एक मेसेज अजून फिरतोच आहे. त्याचा आशय असा: हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, मटार, कोवळा हुरडा काचेच्या बरणीत भरा, चवीपुरतं मिठाचं पाणी घाला, वर तेलाचा थर द्या, झाकण घट्ट लावून बरणी अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा. फ्रीज नको, केमिकल नको. आपल्या आज्या हेच करायच्या. वर्षभरात कधीही उघडा आणि थेट ताटात वाढा. एका ग्रुपवर कुणीतरी बॉट्युलिझमचं, म्हणजे अन्नातल्या जंतूच्या विषाने अंग लुळं पाडणाऱ्या आजाराचं काय, असं विचारलं, तर उत्तर आलं, "ते अमेरिकेतलं खूळ. आपल्याकडे कधी ऐकलंय का?"

आता एकेक मुद्दा घेऊ.

"अर्धा तास उकळलं की जंतू मरतात." बहुतेक मरतात, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. बॉट्युलिझमचा जंतू, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, मातीत राहतो. दिवस वाईट आले की तो टणक कवचाचा बीजाणू होऊन पडून राहतो. हा बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचीवर असल्याने इथे पाणी १०० अंशांच्याही किंचित आधीच उकळतं. आणि बीजाणू खात्रीने मारायला दाबाखालची वाफ, म्हणजे सुमारे १२१ अंश तापमान लागतं. अर्धा तास काय, दोन तास उकळलं तरी पाण्याचं तापमान वर चढणार नाही. उकळल्याने होतं एवढंच की बरणीतले बाकीचे जंतू मरतात, हवा बाहेर पडते आणि झाकण गच्च बसतं. मागे उरलेल्या बीजाणूला ऑक्सिजन नकोच असतो. ओलावा आहे, आंबटपणा नाही, स्पर्धक नाहीत, आणि मार्चनंतर आपल्या स्वयंपाकघरात ऊबही भरपूर. तो रुजतो आणि विष तयार करतो.

"मग कुकरला चार शिट्ट्या द्या," हे त्याच मेसेजखालचं उपउत्तर. कुकरमध्ये दाब असतो हे खरं, पण प्रश्न बरणीच्या मधोमध उष्णता पोहोचायला किती वेळ लागतो हा आहे. खास या कामाच्या, दाब मोजणाऱ्या भांड्यातसुद्धा मटारच्या लहान बरणीला ४० मिनिटं सांगितलेली असतात. शिट्ट्यांत हे मोजता येत नाही.

"तेलाचा थर हवा अडवतो." अडवतो, आणि जंतूला तेच हवं असतं. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणाने ३६ जणांना बॉट्युलिझम झाला. तो लसूण फ्रीजबाहेर ठेवलेला होता.

"आपल्या आज्या हेच करायच्या." नाही हो. आज्या कैरीचं, लिंबाचं लोणचं घालायच्या. त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका लहान तितका पदार्थ आंबट), ४.६ च्या बराच खाली असतो आणि तिथे हा जंतू वाढत नाही. शिवाय मीठ मुठीमुठीने पडायचं. चवीपुरत्या मिठाने काही साधत नाही, त्याला रोखायला पाण्यात १० टक्क्यांच्या आसपास मीठ लागतं. बाकी पापड, कुरडया, सांडगे, आपली शेंगाचटणी, वाळवलेला हुरडा, यांत ओलावाच नाही. शिजवलेला पावटा पाण्यासकट हवाबंद करून फळीवर ठेवायची पद्धत कुठल्याच आजीची नव्हती. या मेसेजने आज्यांचं फक्त नाव वापरलंय.

"खराब झालं तर वासावरून कळतं." कधी कळतं, कधी मुळीच नाही. झाकण फुगलेलं असेल किंवा नसेलही. चाखून बघणं तर सर्वांत वाईट, कारण एका घासातलं विषही पुरतं. एक गोष्ट मात्र मान्य: बीजाणू चिवट असला तरी त्याचं विष उष्णतेने मोडतं, दहा मिनिटं खळखळून उकळलं की निकामी होतं. पण मेसेज म्हणतो थेट ताटात वाढा!

राहिलं "आपल्याकडे कधी ऐकलंय का?" ऐकलंय. सप्टेंबर १९९६ मध्ये गुजरातमधल्या एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघे दगावले. संशय बेसनाच्या शेवेवर गेला आणि उरलेल्या शेवेत याच जातकुळीतला, बॉट्युलिझमचं विष करणारा जंतू सापडला.

मुळात हा आजार कानावर येत नाही, कारण तो ओळखला जात नाही. व्हँकुव्हरच्या त्या रुग्णांपैकी बहुतेकांचं निदान आधी भलतंच झालं होतं. पापण्या जड होतात, एकाचे दोन दिसतात, जीभ अडखळते, घास उतरत नाही, मग लुळेपणा वरून खाली सरकत श्वासाच्या स्नायूंपर्यंत येतो. ताप नसतो, माणूस शुद्धीवर असतो. आपल्या भागात हे चित्र पाहिलं की आधी मण्यार आठवते, कारण तिच्या दंशानेही पापण्या मिटतात आणि दंशाची खूण दिसतेच असं नाही. शेतकरी घर असेल तर फवारणीच्या औषधाची शंका येते; पण त्यात बाहुल्या टाचणीएवढ्या होतात आणि लाळ गळते, बॉट्युलिझममध्ये तोंड कोरडं पडतं. एकटा रुग्ण असेल तर अनुभवी डॉक्टरही फसू शकतो. एकाच पंगतीला जेवलेले दोघेतिघे असे आले, की तपासाला धागा मिळतो.

तो तपास कसा चालतो हे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात २०१५ मध्ये दिसलं. चर्चमधल्या सामूहिक जेवणाला ७७ जण होते. दोन दिवसांत रुग्ण येऊ लागले. जवळजवळ प्रत्येकाला गाठून कोणी काय खाल्लं ते विचारलं गेलं आणि बोट बटाट्याच्या सॅलडकडे गेलं. सॅलड तर कधीच फेकलं होतं. मग चर्चच्या कचऱ्यातून नमुने काढले, त्यांत विष सापडलं. सॅलडमधले बटाटे घरी बरण्यांत भरलेले होते, साध्या उकळत्या पाण्यात, अगदी मेसेजमध्ये लिहिलंय तसे. २९ जण आजारी पडले, ११ जणांना व्हेंटिलेटर लागला, एक व्यक्ती गेली. अँटिटॉक्सिन लगेच मिळालं म्हणून इतकंच. ते रक्तातलं मोकळं विष थोपवतं, आधीच लुळे पडलेले स्नायू परत उभे करत नाही. ते सावरायला आठवडे, कधी महिने लागतात.

मटार, सोलाणे ठेवायचेच असतील तर दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढा, गार पाण्यात टाका, निथळून पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. मेसेज वाचून बरण्या भरून झाल्या असतील तर उघडू नका, चाखू नका. गुरं-कुत्री पोहोचणार नाहीत अशा कचऱ्यात पिशवीत बांधून टाका. आणि त्यातलं खाऊन कुणाला दोन-दोन दिसायला लागलं, तर ती बरणी धुऊ नका, फेकू नका. रिकामी असली तरी रुग्णाबरोबर दवाखान्यात न्या, आणि सोबत जेवलेल्या सगळ्यांची नावं डॉक्टरांना सांगा, ज्यांना अजून काहीच होत नाहीये त्यांचीसुद्धा.