ग्रीक इतिहासकारांनी कोरीव लेखांकडे पाहिलेच नाही काय?

प्राचीन ग्रीक इतिहासकार केवळ ऐकीव गोष्टी लिहीत, कोरीव लेखांकडे त्यांनी पुरावा म्हणून पाहिलेच नाही. क्वचित पाहिले तर त्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवला. आणि लेखांना साक्षीला आणण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वानांनी सुरू केली, असा दावा समाजमाध्यमांवर सतत पुढे पाठवला जातो. ही तिन्ही विधाने त्या इतिहासकारांचे ग्रंथ न उघडता केलेली आहेत.

पहिले विधान इ.स.पू. पाचव्या शतकातील इतिहासकार थ्युसिडिडीसच्या ग्रंथाच्या सहाव्या खंडापुढे टिकत नाही. इ.स.पू. 514 मध्ये हिपार्कसचा खून झाला तेव्हा अथेन्सची सत्ता त्याच्याच हाती होती, असा अथेन्सकरांचा समज होता. सत्ता त्याचा थोरला भाऊ हिपियस याच्याकडे होती, हे थ्युसिडिडीसला सिद्ध करायचे होते. आपल्याला इतरांपेक्षा नेमकी माहिती ऐकून मिळाली आहे, असे तो सांगतो. पण तेवढ्यावर न थांबता तो अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचा, या घराण्याच्या अन्यायाची नोंद करणारा स्तंभलेख पुढे करतो. त्या लेखात हिपियसच्या पाच मुलांचा उल्लेख आहे, हिपार्कस आणि थेसालस या भावांच्या एकाही अपत्याचा नाही, आणि वडिलांनंतर पहिले नाव हिपियसचेच आहे. थोरल्याचे लग्न आधी झाले असणार, म्हणून हिपियसच थोरला आणि सत्ताही त्याचीच, असा तर्क तो यावरून बांधतो. लेखात काय नाही, हेही तो पुराव्यात धरतो, आणि त्याच्या पद्धतीतील हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. याच प्रकरणात त्याने हिपियसच्या मुलाने पायथियन अपोलो या देवाच्या वेदीवर कोरवलेला लेख उद्धृत केला आहे. त्या वेदीचा कोरीव भाग 1877 मध्ये अथेन्समध्ये सापडला आणि दगडावरचा मजकूर त्याने दिलेल्या मजकुराशी जुळला.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचे उदाहरण तर आकड्यांचे आहे. कार्थेजचा सेनापती हॅनिबल रोमशी लढायला इटलीत उतरला तेव्हा त्याच्याजवळ 20,000 पायदळ आणि 6,000 च्या आत घोडदळ उरले होते, हे तो हॅनिबलने स्वतः दक्षिण इटलीतील लॅसिनियम येथे कोरवून ठेवलेल्या लेखाच्या आधारे सांगतो.

डोळे झाकून विश्वास ठेवल्याचा आरोप थ्युसिडिडीसच्या आधीचा इतिहासकार हेरोडोटस याच्यावर अंशतः लागू पडतो, हे मान्य केलेच पाहिजे. ग्रीसमधील थीब्जच्या मंदिरातील तिवयांवरचे लेख त्याने थेट पुराणकथेतील राजा ईडिपसच्या वडिलांच्या काळापर्यंत मागे नेले, आणि ही चूक लहान नाही. परंतु डेल्फीच्या देवस्थानातील एका सुवर्णपात्रावर स्पार्टाचे नाव कोरलेले असूनही ते पात्र लिडियाचा राजा क्रीसस याने अर्पण केले होते, स्पार्टाला खूश करण्यासाठी एका डेल्फीकराने नाव घातले आणि तो कोण हे आपल्याला ठाऊक असूनही सांगणार नाही, असे लिहिणारा इतिहासकारही हेरोडोटसच आहे. पुढे इ.स.पू. चौथ्या शतकात इतिहासकार थिओपॉम्पसने अथेन्स आणि पर्शिया यांच्यातील तहाचा लेख बनावट ठरवला, कारण त्याची अक्षरे आयोनियन, म्हणजे पूर्वेकडील ग्रीकांच्या, वळणाची होती आणि ते वळण अथेन्सने इ.स.पू. 403 च्या सुमारास अधिकृतपणे स्वीकारले, म्हणजे त्या कथित तहानंतर कितीतरी वर्षांनी. त्याचा निष्कर्ष आज वादग्रस्त आहे, पण अक्षरांच्या वळणावरून लेखाचा काळ तपासण्याची रीत कोरीव लेखांचे आजचे तज्ज्ञही वापरतात.

तिसऱ्या विधानात थोडे तथ्य आहे. जर्मन विद्वान आउगुस्ट ब्योखच्या पुढाकाराने बर्लिन अकादमीने 1815 मध्ये हाती घेतलेला ग्रीक लेखांचा संग्रह व्याप्तीने अभूतपूर्व होता. मात्र अथेन्सच्या ठरावांचा संग्रह क्रॅटेरस या प्राचीन लेखकाने त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी केला होता आणि इ.स.पू. दुसऱ्या शतकातील ग्रीक लेखक पोलेमॉनला स्तंभलेखांच्या वेडावरून टोपणनावच पडले होते. या दोघांचे मूळ ग्रंथ आता उपलब्ध नाहीत. इतरांनी दिलेल्या अवतरणांतूनच ते आपल्याला कळतात, आणि दावा करणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटण्याचे हे एक कारण असावे.