दगडफूल, खडकावरची वजडी आणि तुमचे तीन आक्षेप

काका (सत्तरी ओलांडल्याचं तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका), इंग्रज शोधक जॉन फ्रँकलिनच्या माणसांनी उपासमारीत खडकावरचं शैवाक खाल्लं, त्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिला बिनशर्त मान्य. शैवाकाला मी मथळ्यात ‘शेवाळ’ म्हणून मोकळा झालो. शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार; आपलं दगडफूलही शैवाकच. मथळा आजच बदलतो.

दुसरा मात्र पटला नाही. तुम्ही म्हणता, ‘आपण पिढ्यान्पिढ्या दगडफूल खातो, कुणाचं पोट बिघडलं? फ्रँकलिनच्या माणसांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितलीय.’ अहो, पण आपण खातो किती? आमच्या वर्षाच्या गोड्या मसाल्यात जेमतेम मूठभर जातं, तेही तेलावर परतून. आत्ता डब्यातून एक तुकडा काढून पाहिला: एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळा, हातात घेतला तर वजनच नाही. (नावात दगड असला तरी ते झाडांच्या सालीवरही वाढतं, बरं का.) याचीच आमटी करून दोन्ही वेळा, आठवडाभर खाऊन पाहाल?

१८२१ साली उत्तर कॅनडातल्या उजाड माळरानावर फ्रँकलिनच्या माणसांचं नेमकं तेच झालं. आर्क्टिक किनाऱ्याची पाहणी करून परतताना शिधा संपला, शिकार मिळेना. मग बर्फ उकरून खडकावरचं उम्बिलिकारिया नावाचं शैवाक खरवडायचं आणि उकळून खायचं. त्यातली आम्लं कडू, आतड्यांना झोंबणारी. मोहिमेतल्या रॉबर्ट हूडला तर ते अजिबात सोसलं नाही. पोटात कळा येऊन तो पार खंगला. नीट साफ करून, उकळलेलं पाणी फेकून केलं तर गोष्ट वेगळी. जपानमध्ये याचाच एक भाऊबंद ‘इवाताके’ म्हणून आवडीने खातात.

एक मात्र मी लेखात धड लिहिलं नव्हतं. २० पैकी ११ माणसं गेली, ती शैवाक खाऊन नव्हे. बहुतेकांना भूक आणि थंडी भोवली, हूडचा जीव बंदुकीच्या गोळीने गेला. उलट जे वाचले त्यांनी कितीतरी दिवस जुनी कातडी, हाडं आणि हेच शैवाक यांवर काढले.

राहिला ‘वजडी’ हा शब्द. तो तुम्हाला ओंगळ वाटला, पण मी घडवलेला नाही. मोहिमेतले फ्रेंच बोलणारे नावाडी उम्बिलिकारियाला ‘ट्रिप द रोश’ म्हणत, म्हणजे खडकाची वजडीच. वाळलेलं असताना काळं, कुरकुरीत. भिजलं की चामट, सुरकुतलेलं, मधोमध एकाच देठाने दगडाला धरलेलं. वजडी साफ करताना कधी पाहिली असेल तर नाव पटेल. तो शब्द काही मी काढत नाही.